खेल्मोसवर फुलपाखरं आणि रानफुलं पाहायला जाताय? या चुका टाळा

ग्रीसमधल्या पेलोपोनीजच्या उत्तर भागात खेल्मोस हा २,३५५ मीटर उंचीचा चुनखडीचा डोंगर आहे. इंग्रजी पुस्तकांत तो 'चेल्मॉस' म्हणून भेटतो. इथल्या ब्लूज, म्हणजे 'ब्लू' नावाच्या गटातल्या चिमुकल्या फुलपाखरांसाठी, युरोपभरातून लोक येतात. तरीही वाटाड्या सोबत असून कित्येकजण हिरमुसून परततात, आणि कारणं बहुधा ठरलेली असतात.

तारीख कासच्या हिशेबाने धरणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कासचं पठार पावसाळा सरताना, सप्टेंबरात फुलतं. भूमध्य समुद्राकाठी पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे सप्टेंबरात तिथले उतार करपलेले असतात. शिवाय सगळा डोंगर एकदम फुलत नाही. किनाऱ्यालगत डियाकोफ्टोजवळ मार्च-एप्रिलमध्ये बहर असतो. वर स्की केंद्राचा तळ सुमारे १,७०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच आहे. तिथे एप्रिलमध्ये बर्फ वितळत असतं, आणि त्या बर्फाच्या कडेने क्रोकस आणि निळी सिला उमलतात. उंचावरच्या ब्लूजसाठी मात्र जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला.

दोन्ही हवं असेल तर जूनचा दुसरा पंधरवडा धरा. क्रोकस हुकेल, पण उंचावरची इतर रानफुलं आणि ब्लूज एकत्र मिळतील. पोहोचल्यावर बहर सरलेला दिसला तर निराश होऊ नका, वर चढा. ढोबळ मानाने दर १०० मीटरला हंगाम तीन-चार दिवस मागे असतो. तीनशे मीटर वर गेलात की दहाएक दिवसांपूर्वीचा डोंगर भेटतो. बर्फ उशिरा वितळलं असेल तर याच हिशेबाने खाली शोधा.

"वर गेलो, पण एकही दिसलं नाही"

फुलपाखराचं अंग साधारण तीस अंशांच्या आसपास तापल्याशिवाय ते नीट उडत नाही. हजार मीटर चढलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी गार होते, त्यात वारा. ढग आला की ब्लूज पाहता पाहता गवतात बसतात. म्हणून सहल ठरवतानाच विचारा: वरचे दिवस हवामान पाहून बदलता येतात का? आठवडाभरात वर जायला किमान तीन मोकळे दिवस हवेत. "मंगळवारी माथा" असं आधीच छापलेलं वेळापत्रक आम्ही तरी निवडणार नाही. ढगाळ दिवशी वुराइकोस नदीच्या घळीत उतरा. डियाकोफ्टो ते कालाव्रिता ही २२ किलोमीटरची दातेरी रुळांची गाडी १८९६पासून त्याच घळीतून जाते, आणि कड्यांवरची फुलं ऊन नसतानाही पाहता येतात.

वारा असेल तर माथ्यावर वेळ घालवू नका. आडोशाचे खळगे आणि ओली माती शोधा. ओलाव्यातले क्षार शोषायला नर तिथे जमतात.

दूर पाहत चालणे

ऑड-स्पॉट ब्लू जेमतेम दोन सेंटीमीटरचं. त्याच्या अळ्या अकॅन्थोलिमोन या काटेरी, उशीसारख्या झुडपावर वाढतात, आणि ते सहसा त्याच्याच आसपास जमिनीलगत उडतं. झपाझप चाललात तर हातचं जाईल. झुडपापासून दोन मीटरवर पंधरा मिनिटं शांत बसा. सावली त्यावर पडू देऊ नका. फोटोसाठी त्या उशीवर गुडघा टेकणं तर नकोच: काटे तुम्हाला टोचतील हे सोडा, अळ्यांचं घरच चिरडलं जाईल. गटाने मागेपुढे रांगेत थांबावं. झुडपाला सगळ्यांनी गराडा घातला की फुलपाखरू उडून जातं.

दुर्बीण निवडताना ती किती जवळचं स्पष्ट दाखवते ते आधी पाहा. दोन मीटरच्या आतलं दिसायला हवं. चार-पाच मीटरपासून पुढचंच दाखवणारी दहापट दुर्बीण इथे निरुपयोगी.

फक्त वरच्या बाजूचा फोटो

वरून निळी किंवा तपकिरी दिसणारी ब्लूज एकमेकांसारखी असतात, ओळख पंखांच्या खालच्या बाजूला असते. उदाहरणार्थ, ग्रीशियन अनॉमलस ब्लू (शास्त्रीय नाव आरोआनिएन्सिस, खेल्मोसच्याच आरोआनिया या नावावरून) आणि रिपार्ट्स अनॉमलस ब्लू, दोघांचेही नर वरून तपकिरी. मागच्या पंखाखाली पांढरी रेघ ठळक असते ती दुसऱ्याची. म्हणून आधी मिटलेल्या पंखांचा फोटो घ्या, शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद. सकाळी ऊन चढण्याआधी ब्लूज गवताच्या काड्यांवर बसलेली असतात, तेव्हा हे सोपं जातं.

बाकीचं थोडक्यात

चुनखडीत पाणी झिरपून जातं, वर ओढे मिळतील हे गृहीत धरू नका. माणशी दोन-अडीच लिटर न्या. जूनमध्ये दुपारी गडगडाट होऊ शकतो, म्हणून दोनपर्यंत कड्यावरून खाली. मेंढ्यांचे राखणदार कुत्रे धावून आले तर पळू नका. सगळे एकत्र या, कळप आणि कुत्र्यांच्या मध्ये जाऊ नका, हळूहळू मागे सरका. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो. जूनसाठी तो मार्चमध्येच टाका. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो.

वहीत दाबायला फूल तोडू नका, मेलेलं अपोलो फुलपाखरूही उचलू नका. सगळी ऑर्किडं आणि अपोलो साइट्स (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या यादीत आहेत, कागदांशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाहीत.