आकडीचं मूळ शोधायला निघण्यापूर्वी

दोन औषधं नेमाने, पुरेशा मात्रेत घेऊनही आकडी थांबत नसेल, तर डॉक्टर शस्त्रक्रियेचा विषय काढतात. मग आकडी मेंदूत नेमकी कुठून उठते, याचा शोध सुरू होतो. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जायचं असो की मडगावहून नेत्रावती एक्स्प्रेसने तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत, पहिली तयारी घरीच करायची असते: मोबाइलवर आकडीचा व्हिडिओ. आकडी आली की कांदा शोधायला घरभर धावपळ होते (कांद्याने काही होत नाही), व्हिडिओ काढायचं मात्र कुणालाच सुचत नाही. एकाने रुग्णाला कुशीवर वळवावं, दुसऱ्याने चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं चित्रण करावं. आधी काय जाणवलं, कुठला हात आखडला, कुठला कपड्यांशी चाळा करत होता, नंतर नाव सांगता यायला किती वेळ लागला, हे सगळं तारखेसह वहीत लिहा. लहानपणी तापात आलेले झटके, डोक्याला झालेला मार, हेही त्यातच. एक हात आखडला तर मूळ बहुधा मेंदूच्या विरुद्ध बाजूला असतं. अशा खुणांवरून स्कॅन वाचणाऱ्याला कुठे निरखून बघायचं ते कळतं. नाहीतर बारीकसा व्रण नजरेतून सहज निसटतो.

एमआरआयच्या चिठ्ठीवर ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ (आकडीचं मूळ शोधण्यासाठीची खास स्कॅनपद्धत) लिहून घ्या. सोय असेल तिथे तीन टेस्लाचं, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं यंत्र बरं. जुन्या स्कॅनच्या सीडी सोबत हव्यातच, नुसता रिपोर्ट पुरत नाही. पावसाळ्यात निघणार असाल तर सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. मंगळसूत्र, बांगड्या घरीच ठेवा. पेसमेकर किंवा शरीरात धातूची क्लिप असेल तर वेळ ठरवतानाच सांगा.

पेट स्कॅनला (मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज घेतो ते दाखवणारी तपासणी) साधारण चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं. साधं पाणी चालतं, गोड चहा नाही. मधुमेह असेल तर इन्सुलिनचं आधी विचारा. शेवटची आकडी कधी आली ते तिथे न चुकता सांगा. एरवी आकडीचं मूळ असलेला भाग ग्लुकोज कमी घेतो म्हणून मंद दिसतो. नुकतीच आकडी येऊन गेली असेल तर चित्र फसवं येऊ शकतं.

वॉर्डात व्हिडिओ ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद आणि सोबत चित्रण) चालू असताना स्पेक्ट (आकडीच्या वेळी मेंदूत रक्त कुठे जास्त धावतं ते दाखवणारा स्कॅन) करणार असतील, तर खरी कसोटी सोबतच्या माणसाची. आकडी सुरू होताच काही सेकंदांत किरणोत्सारी औषध शिरेत जायला हवं. ते रक्ताबरोबर मेंदूत पोचून तिथेच अडकून राहतं, म्हणून फोटो नंतर, आकडी शमल्यावर काढला तरी तो त्या क्षणाचाच असतो. इंजेक्शनला उशीर झाला तर आकडी पसरलेली जागाच उजळते आणि मूळ हुकतं. त्यामुळे आकडी आल्याची सूचना देणारं बटण कुठे आहे ते आधीच बघून ठेवा, शंका आली तरी दाबा, चादर बाजूला करा आणि कॅमेऱ्याच्या आड उभे राहू नका. ईईजीच्या आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका.

औषधं घरी स्वतःच्या मनाने कमी करू नका. ती कमी करायची तर वॉर्डात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गाडीतही गोळ्या पर्समध्ये असाव्यात, सीटखालच्या बॅगेत नव्हे. परतीचं तिकीट मात्र आधी काढू नका: आकडी कधी येईल ते तिच्याच मर्जीवर, चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली असली तरी.