पायाचं बोट वाकडं झालंय? आधी हाताने हलवून बघा

"ताई, हाड वाढलं," म्हणत रावेर-यावलकडच्या मावश्या भुसावळला माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात येतात. हाड बहुतेक वेळा वाढलेलं नसतं. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पावलाच्या बाजूला सरकतं, अंगठा शेजारच्या बोटावर कलतो आणि सांध्याचा कोपरा बाहेर येतो. याला बनियन म्हणतात. घरात आई-आजीला असेल तर तुम्हालाही होऊ शकतं. टोकदार सँडल त्यात भर घालते.

संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवून घ्या. त्यावर रोजची चप्पल ठेवा. रेघ चपलेबाहेर दिसली की पहिला खर्च चपलेवर करा, मलमावर नाही.

मग पाय मांडीवर घेऊन वाकडं बोट हाताने हळूच सरळ करा. पुढचं सगळं यावरच ठरतं. सरळ होत असेल तर पुढून रुंद चप्पल, बोटांमध्ये सिलिकॉनचा स्पेसर (बोटं दूर ठेवणारा मऊ तुकडा) आणि व्यायाम: बोटं न आकडता अंगठ्यामागचा तळव्याचा फुगवटा टाचेकडे ओढून तळपायाची कमान उचला, पाच आकडे धरा, दहा वेळा. दुखणं कमी होतं. सरकलेलं हाड मात्र स्पेसरने जागेवर येत नाही, जाहिरात काहीही म्हणो. सांधा ताठ झाला असेल तर ओढाताण नको. खोल, मऊ बूट घ्या, कुरुपावर पॅड लावा. जोडवी रुतत असतील तर काढा, सासूबाईंशी मी बोलते.

अंगठा सरळ आहे, पण वर वळताना दुखतो? ती बहुतेक सांध्याची झीज. तिथे उलट कडक तळाचा बूट लागतो.

एका रात्रीत सांधा लाल, गरम झाला, चादरही सोसवत नसेल तर युरिक ॲसिड किंवा जंतुसंसर्ग असू शकतो; चोळू नका, लगेच डॉक्टर गाठा. शुगर असेल तर कुरूप ब्लेडने कापू नका, कॉर्न कॅपही (कुरुपावरची औषधी पट्टी) लावू नका. बधिर पायाला जखम कळत नाही.

उभं राहून काढलेला एक्स-रेच खरा; त्यात अंगठ्याचा कल 15 अंशांपेक्षा जास्त असेल तर बनियन धरतात. ऑपरेशन दुखण्यासाठी करायचं, दिसण्यासाठी नाही. नंतर सूज उतरायला काही महिने जातात, म्हणून कापूस वेचणीच्या तोंडावर तारीख घेऊ नका.