इंजिनिअरिंगची फी: आधी महाडीबीटी, मग कर्ज

खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भराच. मुलांना निम्मी ट्यूशन फी मिळते, मुलींना 2024-25 पासून पूर्ण. मात्र प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यात घेतला की हा हक्क जातो.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल बारावीच्या निकालाआधीच काढून ठेवा, जून-जुलैत सेतू केंद्रावर झुंबड असते.

पैसे अडकतात ते बहुधा बँकेपाशी. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यावेत म्हणून, सीडिंग झालेलं असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. तिथे दिसेल त्याच बँकेत रक्कम येते, मग ते खातं बंद पडलेलं का असेना. कॉलेजच्या लॉगिनवरून अर्ज पुढे गेला का, तेही बघत राहा. दरवर्षी नूतनीकरण लागतं.

उरलेल्या रकमेपुरतंच कर्ज काढा. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. शिकतानाही व्याज चढतं, जमेल तेवढं तेव्हाच भरा.