दुकानाच्या व्हिडिओतले काळे पट्टे कसे घालवले (माझा अनुभव)
नागपूरच्या इतवारीत आपलं साड्यांचं दुकान आहे, रील्स मोबाईलवरच काढतो. त्रास एकच होता, व्हिडिओत काळे पट्टे सरकत राहायचे. रिपेअरिंगवाला म्हणे कॅमेरा गेला, बदलून टाका. पण बाहेर उन्हात काढलं की पट्टे गायब, मग कॅमेरा कसा गेला भाऊ?

भानगड लाइटची होती. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट अन् स्वस्तातले एलईडी सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेरा पकडतो. कॅमेऱ्याच्या प्रो व्हिडिओ मोडमध्ये (जिथे सेटिंग हातानं करता येतं) शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड घ्यायचा वेळ, 1/50 सेकंद केलं, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) 25, पट्टे बंद. उजेड जास्त असेल तर 1/100 पण चालतं. फोनमध्ये हा मोडच नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकटचं ॲप बघा, सगळ्या अँड्रॉइडवर चालत नाही पण.

दुसरं म्हणजे कलर. मोरपंखी साडी पदर फिरवला की निळी अन् परत हिरवी, गिऱ्हाईक विचारणारच ना नेमकी कोणती पाठवणार म्हणून. ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेड बघून फोन आपोआप रंग बदलतो ते) बंद करून एका आकड्यावर लॉक केला, आतले पिवळे बल्ब बंद, दाराजवळच्या उजेडात साडी धरली, जरीचे काठ पण मस्त उठून दिसतात. मे महिन्यात मात्र सकाळीच उरकून घ्या, दुपारी फोन तापून रेकॉर्डिंग मधेच बंद पडते.

आवाजासाठी वायरवाला कॉलर माइक पुरतो. रिंगलाइट घेऊन ठेवलाय, आता मुलं त्याच्यासमोर सेल्फी काढतात.