पावसाळ्यात कोरडं राहणारं आणि पटकन हाताला लागणारं ऑफिसचं दप्तर कसं लावायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कर्ज देणाऱ्या एका सहकारी सोसायटीत मी २१ वर्षं काम केलंय, आधी क्लार्क आणि मग सेक्रेटरी, आणि हे सगळं लिहायला बसले ते एका फाईलमुळं. एक बाई आली होती, वडील वारलेले, उताऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा तसाच दिसत होता आणि भावाबहिणीत वाटणी अडकली होती. कर्ज फिटलंय हे तिला माहीत, मलापण माहीत, पण दाखला द्यायचा म्हटल्यावर जुनी पावती बघायला पाहिजे की. तीन दिवस शोधलं. सापडली ती कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागच्या ओळीत, आणि निम्मी फाईल वाळवीनं खाल्लेली. ती बाई "असू दे अक्का, तुम्ही तरी काय करणार" एवढंच म्हणाली आणि जांबोटीची बस धरायला गेली. मला अजून ते टोचतं. त्यानंतर आम्ही अख्खं दप्तर बाहेर काढून नव्यानं लावलं, ते कसं लावलं ते सांगते, पतसंस्था असो, शाळा असो, वकिलांचं ऑफिस असो, पंचायत असो, सगळीकडं हेच लागू पडतं.

पहिली गोष्ट, ते लोखंडी कपाट. आपल्याकडं रेकॉर्ड म्हटलं की साडेसहा फुटी स्टीलचं कपाट आणायचं ही सवयच आहे. ते कपडे ठेवायला चांगलं, फाईलींना नाही, कारण त्याची खोली १८-१९ इंच असते आणि बॉक्स फाईल असते १०-११ इंचांची, म्हणजे पुढं एक ओळ लावून मागं जागा उरते, आणि रिकामी जागा दिसली की माणूस तिथं काहीतरी ठेवतोच, मग तयार होते मागची ओळ, आणि मागच्या ओळीत गेलेला कागद गेला म्हणूनच समजा. शिवाय दार बंद असलं की आत हवा खेळत नाही, पावसाळ्यात आत ओल धरते, आणि पाठीमागचा पत्रा भिंतीला चिकटून गंजलेला कुणाला दिसत नाही. वाळवीला स्टीलचं काय पडलंय, ती जमिनीतून भिंतीच्या फटीतून मातीची नळी बांधत वर येते आणि जिथं कपाट भिंतीला टेकलंय तिथनं आत शिरते. आमचं कपाट होतं पश्चिमेच्या भिंतीला. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस नैऋत्येकडनं झोडपतो, ती भिंत चार महिने ओलीच, आणि कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला तर विचारूच नका.

म्हणून उघडे रॅक करून घ्या. बेळगावात उद्यमबागेत कुठल्यापण फॅब्रिकेटरकडं गेलात तर स्लॉटेड अँगलचे (भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचे) रॅक करून मिळतात, पण माप तुम्ही कागदावर लिहून घेऊन जायचं, त्यांच्यावर सोडलं की ते १८ इंच खोलीचंच देतात. खोली १२ इंच. रुंदी ३ फूट. दोन फळ्यांत १५ इंच अंतर, म्हणजे लांब फुलस्केप साईजची फाईलपण उभी बसते. पहिली फळी जमिनीपासून ६ इंचांवर, मग २१, ३६, ५१ आणि ६६ इंचांवर, पाच फळ्या बास, त्याच्यावर सहावी घेऊ नका, स्टूल लागायला लागलं की फाईल काढायचा कंटाळा येतो आणि परत ठेवायचा त्याहून जास्त.

वजनाचा हिशोब नक्की करा, लोक इथं फसतात. ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ए-फोर कागद, ५०० चं रीम, साधारण २ किलो ३५० ग्रॅम. भरलेली बॉक्स फाईल धरा ३ किलो. तीन फुटी फळीवर ११ फाईली बसतात, म्हणजे ३३ किलो एका फळीवर, पाच फळ्यांना १६५ किलो, आणि हे सगळं वजन पावणेतीन-तीन चौरस फुटांवर. म्हणून फळीचा पत्रा २२ गेजचा घेऊ नका, तो दोन वर्षांत मधनं झोळीसारखा होतो, १८ किंवा २० घ्या (गेजचा आकडा जेवढा लहान तेवढा पत्रा जाड, हे उलटं असतं, लक्षात ठेवा) आणि फळीखाली मधोमध एक पट्टी मारून घ्या. मागं क्रॉस पट्टी पाहिजेच, नाहीतर रॅक डुलतो. रॅक एकमेकांना बोल्टनं जोडा. आणि रेकॉर्ड रूम वरच्या मजल्यावर असेल तर दहा रॅक एका रांगेत स्लॅबच्या मधोमध उभे करायच्या आधी इंजिनिअरला दाखवा, शक्यतो बीमवर आणि भिंतीकडेनं वजन पडू दे.

प्लायवूड, पार्टिकल बोर्ड नको, आपल्या हवेत फुगतो. कौलारू ऑफिस असेल तर माळ्यावर तर काहीच नको, उन्हाळ्यात वर भट्टी आणि मिरगात एक कौल सरकलं की थेंब बरोबर गठ्ठ्यावर. बाथरूमच्या भिंतीला लागून नको, पाण्याच्या टाकीखाली नको. रॅक आणि भिंत यांच्यात किमान तीन बोटं जागा सोडा, चार-पाच इंच असेल तर अजून बरं, कारण टॉर्च घालून मागं बघता आलं पाहिजे, वाळवीची नळी दिसली की त्याच दिवशी कळतं. ओल येत असेल तर ती बाहेरच्या बाजूनं प्लास्टरची भेग भरून थांबवायची, आतनं रंग मारून फक्त ती झाकली जाते.

हवेतली ओल मोजायचं छोटं डिजिटल मीटर येतं, हायग्रोमीटर म्हणतात, ते एक रॅकवर ठेवा. आकडा ५०-५५ टक्क्यांच्या आसपास असला तर कागद खूष, ६५ च्या वर राहायला लागला की बुरशी धरते. पाऊस कोसळताना खिडकी उघडून "हवा खेळू दे" म्हणतात ना, ते चुकीचं, बाहेरची ओली हवाच आत येते. पाऊस धरला की खिडकी बंद, दुपारी ऊन पडलं की उघडायची, आणि पंखा चालू ठेवायचा. डांबराच्या गोळ्यांनी कसर थोडी लांब राहते पण वाळवी थांबत नाही आणि बंद खोलीत बसणाऱ्याचं डोकं दुखतं, त्यापेक्षा महिन्यातनं एकदा खालच्या फळीच्या फाईली हलवून झाडणं हे जास्त कामाचं.

आता कागद. रॅकवर चढवायच्या आधी त्याचं नको ते काढून टाका. स्टेपलच्या पिना आणि टाचण्या आपल्या पावसात दोन-तीन वर्षांत गंजतात आणि त्या गंजानं कागदाला भोक पडतं. रबर बँड आधी चिकटतो मग तुटतो. सेलो टेप पिवळी होऊन अक्षर घेऊन निघते. त्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात झेरॉक्स ठेवली तर शाई प्लास्टिकला लागून येते. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, विशेषतः स्टॅम्प पेपर आणि खरेदीपत्रं, एकदा केलं की कागद न फाडता परत निघत नाही. बँकेच्या मशीनची आणि पेट्रोल पंपाची ती गुळगुळीत पावती काही वर्षांत पांढरी होते, तिची झेरॉक्स काढून सोबत लावा. जुने गठ्ठे असतील, मोडीतले वगैरे, तर ते धुतलेल्या सुती कापडात बांधा, आपले जुने लोक रुमालात बांधायचे ते उगीच नव्हे, कापडातनं हवा जाते आणि धूळ जात नाही.

मग वर्गवारी. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, तेव्हापासनं महसूल दप्तराची अ, ब, क, ड ही पद्धत इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे: अ म्हणजे कायम, ब म्हणजे ३० वर्षं, क म्हणजे १० वर्षं, ड म्हणजे एक वर्ष. मला ही फार आवडते कारण फाईल उघडतानाच ठरवावं लागतं की ही किती दिवस जगणार. तुमच्या ऑफिसला लागू असलेली मुदत वेगळी असेल, जीएसटीची वही वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायची असते, कंपनीची हिशोबाची पुस्तकं ८ वर्षं, सोसायटीचं तुमच्या ऑडिटरला विचारून एका कागदावर लिहून भिंतीला लावा. पण फाईलच्या पाठीवर वर्ग आणि नष्ट करायचं साल पहिल्या दिवशीच लिहायचं. उदाहरणार्थ "क, २०३६". मग त्या वर्षी कुणाला डोकं चालवावं लागत नाही, यादी करायची, कमिटीत ठराव घ्यायचा, कागद बारीक फाडून टाकायचे, यादी मात्र कायम ठेवायची. रद्दीत घालू नका हो. सभासदांच्या आधारची झेरॉक्स भज्याच्या पुडीला आलेली मी स्वतःच्या डोळ्यानं बघितली आहे.

आता सापडायचं कसं, यातच सगळा जीव आहे. नावानं लावू नका. आपल्या एका गावात पाटील ४० असतात, त्यातले मारुती सहा, आणि त्यातल्या दोघांच्या वडिलांचं नावपण एकच. शिवाय नाव कुणी मराठीत लिहितं, कुणी कन्नडमध्ये, कुणी इंग्रजीत, आणि इंग्रजीत तर एकाच आडनावाची तीन स्पेलिंगं. म्हणून फाईल नंबरनं लावायची, सभासद नंबर, विद्यार्थ्याचा जनरल रजिस्टर नंबर, केस नंबर, जो आधीपासनं आहे तो. आणि तोपण शेवटच्या दोन आकड्यांनी लावायचा. म्हणजे ४७३८ हा नंबर ३८ च्या घरात, ११३८ पण ३८ च्या घरात. १०० घरं होतात, ०० ते ९९, ३००० फाईली असतील तर एका घरात ३०. फायदा काय, नवीन सभासद आले की ते सगळ्या घरांत सारखे वाटले जातात, शेवटच्या रॅकवर गर्दी आणि पहिला रिकामा असं होत नाही आणि दरवर्षी सगळं सरकवावं लागत नाही. पहिले आठ दिवस सगळे कुरकुर करतात, नंतर हात आपोआप जातो.

नावावरनं नंबर शोधायला एक रजिस्टर पाहिजेच, आणि इथं आपल्या सीमाभागाची एक सोय आहे जी लोक वापरत नाहीत. मराठी आणि कन्नड दोन्हींची बाराखडी एकाच क्रमानं चालते, क ख ग घ. तर रजिस्टर इंग्रजी एबीसीडीनं न लावता क-ख-ग नं लावा आणि प्रत्येक ओळीत नाव दोन्ही लिपीत लिहा, मग मराठी शाळेत शिकलेला क्लार्क आणि कन्नड शाळेत शिकलेला शिपाई दोघांनापण तेच पान सापडतं. आकडे मात्र लेबलवर इंग्रजीच लिहा, ते सगळ्यांना येतात. जुन्या कागदावर शके असेल तर त्यात ७८ (माघ-फाल्गुनातला कागद असेल तर ७९) मिळवून इसवी सन शेजारी पेन्सिलनं लिहून ठेवा. मोडी वाचता येत नसेल तर अंदाजानं नाव देऊ नका, "मोडी, अमुक गाव" एवढंच लिहा आणि वाचणारा माणूस मिळाला की पूर्ण करा.

लेबलला बॉलपेन किंवा पेन्सिल वापरा. स्केचपेन उडतो, त्यात लाल सगळ्यात आधी, आणि जेल पेनचं अक्षर पाणी लागलं की पसरतं.

एक युक्ती माझ्याकडनं सांगते. हिशोबाच्या आणि व्हाऊचरच्या बॉक्स फाईली वर्षाच्या क्रमानं लावल्या, की त्या फळीवर डाव्या वरच्या कोपऱ्यापासनं उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत सगळ्या फाईलींच्या पाठीवरनं एक रंगीत टेप तिरकी चिकटवायची आणि मग ब्लेडनं फाईलीफाईलींच्या मधे कापायची. प्रत्येक पाठीवर टेपचा एक तुकडा राहतो, शेजारच्यापेक्षा थोडा खाली. एक फाईल चुकीच्या जागी गेली की ती तिरकी रेघ तुटते, खोलीच्या दारातनं दिसते, आकडा वाचायचीपण गरज नाही.

आणि जामीनदार. फाईल बाहेर गेली की तिच्या जागी लाल पुठ्ठ्याची पट्टी उभी राहिली पाहिजे, पट्टीवर कोण, कधी, कशाला नेली. आम्ही तिला जामीनदारच म्हणतो, जामीनदार दिल्याशिवाय फाईल नाही, चेअरमन आले तरी. हरवलेल्या फाईली खरं तर कुणाच्या तरी टेबलावर असतात, ते या पट्टीनं पहिल्याच महिन्यात कळलं.

एवढं करूनपण पाणी शिरू शकतं, २०१९ च्या ऑगस्टात मलप्रभेनं, घटप्रभेनं आणि मार्कंडेयनं काय केलं ते सगळ्यांना आठवतंय. भिजलेली फाईल उन्हात टाकू नका, कागद कडक होऊन वाकतो आणि शाई उडते. सावलीत, पंख्याखाली, सुटे करून, मधेमधे साधा न छापलेला कोरा कागद घालून तो बदलत राहायचा. एकमेकांना चिकटलेले ओढून सोडवू नका. ४८ तासांत बुरशी सुरू होते, एवढ्या वेळात सगळे वाळवणं जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवून द्या, तिथं बुरशी थांबते, आणि नंतर थोडे थोडे काढून वाळवता येतात. अ वर्गातले कागद स्कॅन करून ठेवा, स्कॅनला तोच फाईल नंबर द्या, दुसरं नाव देऊ नका, आणि रजिस्टरची एक झेरॉक्स दुसऱ्या इमारतीत ठेवा.

सगळं लावून झालं की परीक्षा घ्या. जुलैमधला पावसाचा दिवस बघा, दप्तर ज्यानं लावलं त्याला बाहेर पाठवा आणि दुसऱ्या कुणाला तरी रजिस्टरमधलं एक नाव द्या, हातात घड्याळ घ्या. आमच्यात नवीन आलेल्या मुलाला, ज्याला मराठी वाचायला जड जातं, मी त्या बाईच्या वडिलांचंच नाव दिलं होतं. रजिस्टर, नंबर, रॅक, फाईल, दोन मिनिटांच्या आत ती अर्धी खाल्लेली फाईल त्यानं माझ्या टेबलावर आणून ठेवली, आणि तिच्या जागी जामीनदार उभा करूनच आला होता.