मशीनच्या आधी वायर बघा

उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट बसवायला घराघरांत जावं लागतं. साइटवर पाय ठेवला की पहिला प्रश्न, "१६ अँपिअरचा पॉइंट कुठाय?" पुढं येतो तो टीव्हीमागचा कमी अँपिअरचा बोर्ड. त्यावर चार इंची ग्राइंडर एक वेळ चालेल. चौदा इंची कटर मात्र २००० वॉटच्या वर खातो, म्हणजे आपल्या २३० व्होल्टला नऊ-दहा अँपिअर. तो तिथं लावायचा नाही.

मशीनपर्यंत न्यायची एक्स्टेन्शनची वायर अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची घ्या. पाऊणची स्वस्त पडते खरी, पण हिशेब करा. ३० मीटर लांब म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबं. १० अँपिअरला पंधराएक व्होल्ट वाटेतच जातात आणि दीडशे वॉटची शेगडी वायरीतच पेटते. मशीन दमतं, पोरगं आणखी रेटतं. अडीचच्या वायरीत हेच नुकसान तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

आणि गुंडाळी पुरती सोडा. लांब लागत नाही म्हणून अर्धी वायर वेटोळ्यातच ठेवून मी एकदा दिवसभर कटर चालवला. संध्याकाळी आवरायला गेलो तर आतले वेढे एकमेकांना चिकटलेले. चूक माझीच. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडायला जागाच नसते.

पिन तुटली म्हणून उघड्या तारा सॉकेटात खोचून वर काडेपेटीची काडी ठोकणारे कारागीर मी रोज बघतोय. नवा टॉप, म्हणजे पिनांचा प्लग, स्वस्तात मिळतोय की लगा! बॉडी लोखंडी असेल तर तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, हवीच. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या मशीनला दोनच तारा असतात, ते चालतं. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या, आमच्याकडच्या पावसात तर नक्कीच. जोड असलेली वायर ओल्या फरशीवर टाकायची नाही, वर कोरड्या जागी टांगायची.

ग्राइंडरचं म्हणाल तर गार्ड काढू नका. डिस्कवर छापलेले आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, मशीनपेक्षा कमी नकोत. लाकडाची दातेरी पाती त्याला कधीच लावू नका, अडकली की मशीन हातातून उसळतं. गॉगल घाला. गळ्यातला टॉवेल आधी खुंटीला. डिस्क बदलताना बटण बंद करून भागत नाही, पिन उपसून आपल्या खिशाजवळ ठेवा, म्हणजे दुसरा कोणी चालू करणार नाही.