कंपनीने साथ सोडलेला स्कॅनर पुन्हा चालू केला

गाडीतले बिघाड तपासायचा, लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा स्कॅनर ठणठणीत, पण कंपनीने अपडेट थांबवले आणि ६४-बिट ड्रायव्हर काढलाच नाही. आधी जुन्या लॅपटॉपच्या डिस्कची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) घेतली. मग नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) ३२-बिट विंडोज ७ टाकून यूएसबी तिकडे वळवली, इंटरनेट बंद. सॉफ्टवेअरचे लायसन्स स्कॅनरच्या सिरियल नंबरशी बांधलेले होते म्हणून निभावले. लॅपटॉपशी असते तर अडलोच असतो.

कॅन या डेटा-जोडणीच्या गाड्या (गाडीच्या तपासणी सॉकेटची पिन ६ आणि १४) लगेच जोडल्या गेल्या. के-लाइन ही जुनी एकतारी जोडणी (पिन ७) मात्र मध्येच तुटे. स्कॅनरमधल्या एफटीडीआय या यूएसबी चिपचा लेटन्सी टायमर (आलेला डेटा पुढे पाठवण्याआधी चिप किती थांबते ती वेळ) मुळात १६ मिलिसेकंद असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये तो २ केला, तुटणे थांबले. ईसीयूचे (गाडीचे इंजिन वगैरे चालवणारा कॉम्प्युटर) प्रोग्रॅमिंग या जुगाडावर करू नये: लिहिताना यूएसबी सुटली तर ईसीयू निकामी होऊ शकतो.